कावळे पाडणारा हात

भिंतीवरच्या पडद्यावर हेरंब सरनोबताचा चेहरा उमटला, तेव्हा कालिंदी गवार निवडत होती.

तो चेहरा तिला नवा नव्हता. गेली बावन्न वर्षं तो कुठे ना कुठे भेटायचाच. आधी वर्तमानपत्रात, मग मासिकांच्या मुखपृष्ठांवर, मग ‘भारतीय व्हिडिओ गेमचे भीष्माचार्य’ अशा मथळ्याखाली. कालिंदी तेवढं पान काढून कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी घालायची, चेहरा वर करून, आणि त्यावर चहाचा चोथा टाकायची. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती कीर्तनकार हरिदासाची मुलगी, रोज संध्याकाळी मंदिरात कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी. बुवा क्रोधावर बोलायला लागले की तिची मान आपोआप खाली जायची. देवापासून लपवावं असं तिच्याजवळ एवढं एकच होतं.

“पुढच्या महिन्यात, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी,” पडद्यावरची निवेदिका सांगत होती, “सरनोबत सर आपल्याला भेटवणार आहेत त्यांच्या अठराव्या वर्षीच्या हातांना! एकोणीसशे सत्त्याऐंशी साली कराडच्या एका छोट्याशा गेम पार्लरमध्ये...”

चेहरा गेला आणि खेळ सुरू झाला. काळा पडदा, तळाशी हिरवं विमान, वरून पिवळ्या चोचींची पाखरं रांगेनं उतरताहेत. त्या खेळाचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळं कराड त्याला ‘कावळे’ म्हणायचं. विमान डावीकडे दोन घरं सरकलं, उजवीकडे एक, गोळी सुटली. पुन्हा दोन, एक, गोळी. कालिंदीची बोटं ताटाच्या काठावर आपोआप ठेका धरू लागली. सात पावलं, एक वळण. कीर्तनात बुवा चालतात तशा आठ मात्रा. बरोबर समेवर कावळा पडत होता.

हेरंब सरनोबत जन्मात कधी तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नव्हता, आणि ठेका तर त्याला पिपाणीचासुद्धा कळत नव्हता.

“मेल्या,” कालिंदी म्हणाली, “हात पण चोरलास?”

•

शेटेअण्णांचं पार्लर कराडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत होतं. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि दुकानात चार मशिनं. लोक हसायचे, अण्णांना त्यात काही वावगं वाटत नसे. डाव संपला आणि गुण चांगले झाले की मशीन तीन इंग्रजी अक्षरांत नाव मागायचं. तिथे अण्णांचा दंडक होता. माझ्या दुकानात पडद्यावर नाव लागेल ते हरीचंच. एच, आर, आय. स्वतःची अक्षरं घालणाऱ्याला ते बखोट धरून बाहेर काढत. “खेळवणारा तो! तू कोण रे टिकोजीराव?” त्यामुळे कावळ्यांच्या मशीनवरचे दहाच्या दहा उच्चांक हरीच्या नावावर असत. कुठला कुणाचा, हे ज्याचं त्याला माहीत.

सोळा वर्षांची कालिंदी तिथे भर दुपारी, पार्लर रिकामं असताना, मागच्या दारानं जायची. तिचे वडील नरहरबुवा पेठकर नारदीय कीर्तनकार. राममंदिरातल्या चैत्राच्या नवरात्रात बावीस वर्षं गादी त्यांची. त्यांच्यामागे उभी राहून झांज वाजवण्यात कालिंदीचं बालपण गेलं होतं. त्यामुळे इतर मुलांना कावळे दिसायचे, हिला ते ऐकू यायचे.

त्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीनं राज्यभर स्पर्धा लावली होती. उच्चांकाचा फोटो पाठवायचा, खाली पार्लरच्या मालकाची सही घ्यायची. पहिल्या येणाऱ्याला पुण्यात संगणकाचं शिक्षण आणि घरच्या टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. फेब्रुवारीतल्या एका दुपारी कालिंदीनं तीन लाख बारा हजार चारशे गुण केले, नियमाप्रमाणे हरीचं नाव घातलं आणि काकांचा कॅमेरा आणायला घरी धावली. परत येते तो हेरंब सरनोबत पडद्याचा फोटो काढून मोकळा झाला होता आणि अण्णा सही करत होते.

“अण्णा, तो डाव माझा होता!”

“पोरी, इथं डाव हरीचा. कुणाच्या हातून झाला, ते मी बघत नाही.”

दुकानाची जागा हेरंबच्या वडिलांची, आबासाहेब सरनोबतांची होती. ते मात्र अण्णा बघत होते.

कालिंदीनं कंपनीला पत्र लिहिलं. चौकशी आली, हेरंब घाबरला आणि त्यानं वडिलांच्या कानात सांगितलं, की बुवांची मुलगी पोरांच्या घोळक्यात पार्लरमध्ये पडलेली असते. आबासाहेब राममंदिराचे पंच. चैत्रातली अष्टमी होती, मंडप भरलेला. बुवांचा पूर्वरंग संपला. आता नामाचा गजर व्हायचा, बुवांना बुक्का लावून हार घालायचा आणि मग आख्यान सुरू व्हायचं. हार घालायचा मान आबासाहेबांचा. ते हार घेऊन उठले, बुवांसमोर उभे राहिले आणि हार परत तबकात ठेवला.

“बुवा, आधी घरची मुलगी आवरा. मग आम्हाला भक्ती सांगा.”

नरहरबुवांनी मागे वळून पाहिलं. कालिंदीच्या हातात झांज तशीच होती. त्यांनी उपरणं काढून घडी केलं, गादीला नमस्कार केला आणि खाली उतरले. अर्धं कीर्तन सोडून गेलेले बुवा पुन्हा कुठल्याच गावात उभे राहिले नाहीत. लेकीला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तिला पुण्यात दिली, तेव्हा पाठवणीच्या वेळी एवढंच म्हणाले, “राग धरू नकोस हो. राग धरला की नाम सुटतं.” आईची पत्रं यायची. प्रकृती बरी आहे, दुपारचे घाटावर जाऊन बसतात, बोलत नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

हेरंब तोवर पुण्यात संगणक शिकत होता.

•

कालिंदीच्या दुखण्याला आणखी एक धार होती. तिची एकुलती लेक शाल्मली याच सरनोबताच्या संस्थेत शास्त्रज्ञ होती. नोकरी लागली तेव्हा लेक आनंदानं नाचत घरी आली, आणि कालिंदीनं पेढा खाऊन टाकला. वडिलांनी सोडून दे म्हटलेली गोष्ट लेकीच्या पानात काय म्हणून वाढायची?

आता मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळी थेट प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आई! तू इथे? काय झालं?”

“ते कावळ्यांचं मशीन दाखव मला.”

मशीन काचेआड होतं. रंग उडालेलं, एका कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेलं. त्याची मेमरीची चिप काढून वेगळ्या पेटीत ठेवली होती. करंगळीच्या पेराएवढी.

“पार्लर बंद झाल्यावर हे कुणाच्या तरी गोदामात पडून होतं,” शाल्मली सांगू लागली. कामाबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळायचा, अगदी आजोबांसारखा. “आत छोटी बॅटरी होती, तिच्यावर हे उच्चांक आठ-नऊ वर्षं चिपमध्ये टिकले. मग बॅटरी मेली, माहिती गेली. पण माहिती गेली तरी तिची झीज राहते, आई. चिपच्या प्रत्येक घरात शून्य असतं नाहीतर एक. एकच आकडा वर्षानुवर्षं बसून राहिला की त्या घरातले ट्रान्झिस्टर एका बाजूनं जास्त थकतात. मग मोकळ्या चिपला वीज दिली, की ते घर किंचित एका अंगाला कलतं. आम्ही चिप उणे ऐंशी अंशांवर नेतो, दहा हजार वेळा चालू-बंद करतो आणि प्रत्येक घर कितीदा कुठे कललं ते मोजतो. कल कळला की आधी तिथे कोण बसलं होतं ते कळतं.”

“आणि त्यातून डाव कसा निघाला?”

“गिऱ्हाईक नसलं की मशीन सर्वात चांगला डाव आपला आपण खेळून दाखवायचं ना? त्यासाठी त्या डावातली प्रत्येक हालचाल चिपमध्ये साठवलेली असायची. केव्हा दांडी हलली, केव्हा बटन दाबलं, सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत. तेवढं मिळालं की माणूस मिळतो. डोळ्यानं पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ जातो, तो वेळ कसा कमीजास्त होतो, चुकल्यावर माणूस किती बावरतो, ही ज्याच्या त्याच्या मज्जासंस्थेची चाल असते. म्हातारपणी मंदावते, पण चाल तीच राहते. रक्ताच्या नात्यातही थोडी उतरते. त्या चालीवरून आम्ही हस्तछाया बांधतो. मग ती छाया नवा डावही खेळते, त्या माणसानं खेळला असता तसा.”

“सरनोबताच्या हाताशी जुळवून पाहिलंत?”

शाल्मलीनं आवाज उतरवला. “सरांचे हात सहा वर्षांपासून कापतात गं. मोजण्यासारखे राहिलेच नाहीत.”

“सोय झाली मेल्याची,” कालिंदी म्हणाली आणि तिथल्या तिथे, काचेला पाठ लावून, तिनं सगळं सांगितलं. पार्लर, फोटो, तबकात परत ठेवलेला हार. शाल्मली मधे एकदाच बोलली. “आजोबांना घशाचा आजार होता म्हणून कीर्तन सुटलं, असं तू सांगायचीस.”

“खोटं सांगायचे. आता तुझ्या यंत्राला खरं विचार. हा डाव माझा आहे. तीन लाख बारा हजार चारशे.”

शाल्मली चपापली. “आई, हा डाव पाच लाख अठ्ठेचाळीस हजारांचा आहे. सर म्हणाले, स्पर्धेनंतर त्यांनी स्वतःचाच उच्चांक मोडला.”

शाल्मलीनं डाव पुन्हा लावला. ठेका तोच, आठ मात्रांचा. पण नीट पाहिल्यावर कालिंदीला दोन गोष्टी खटकल्या. दर रांगेतल्या शेवटच्या कावळ्याला हा हात तीन गोळ्या मारत होता, एक पुरत असताना, सारख्या अंतरानं. आणि प्रत्येक नवी रांग उतरण्याआधी दांडी आणि बटन दोन्ही सोडून हा हात जवळजवळ दीड सेकंद गप्प बसत होता.

“त्याला आम्ही ‘सरनोबत विराम’ म्हणतो,” शाल्मली म्हणाली. “सरांनी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलंय.”

“मला बसव त्या खुर्चीत.”

सांध्यांत कळा मारत होत्या. कालिंदी पाऊण तास खेळली, पाचव्या रांगेत तीनदा मेली, पण यंत्राला तेवढं पुरलं. पडद्यावर अक्षरं आली. ‘हात वेगळे. साम्य एक्कावन्न टक्के. नातं: पालक आणि अपत्य.’

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. तिथे, सगळ्या खेळभर, उच्चांकाशेजारी तीन अक्षरं लकाकत होती. हरीचं नाव.

तीन गोळ्या म्हणजे तिहाई. नरहरबुवा प्रत्येक पद तिहाई घेऊनच, शेवटचे बोल तीनदा म्हणूनच संपवायचे, त्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नसे. आणि तो दीड सेकंद? समोर देवाचं नाव लागलेलं असताना तो माणूस दांडी सोडून दुसरं काय करणार होता?

“ते घाटावर जात नव्हते,” कालिंदी म्हणाली. “शाल्मली, बाबा दुपारचे घाटावर जातच नव्हते गं.”

•

पुढचे आठ दिवस मायलेकींचं धड बोलणं झालं नाही, आणि झालं ते भांडणच.

“मी अहवाल लिहिते ना! संचालक मंडळापुढे ठेवते. रीतसर होऊ दे.”

“मंडळ कुणाचं? त्याचंच ना? जाईल तुझा अहवाल टेबलाच्या खणात. माझ्या बापाला त्यांनी रीतसर उतरवलं होतं का? भरल्या मंडपात उतरवलं. मलाही भरला मंडपच हवाय.”

“आणि माझं काय? बारा वर्षं घातलीत मी ह्या कामात. सरांनी मला उभं केलं, आई. पैसा नव्हता, कुणी विचारत नव्हतं, तेव्हा त्यांनी विश्वास टाकला. आजारी माणूस आहे तो आता.”

“माझे बाबा धडधाकट होते,” कालिंदी म्हणाली. “बावन्न वर्षांचे.”

शाल्मली दार आपटून गेली. दोन दिवसांनी फोन आला. आवाज कोरडा होता.

“समारंभात हस्तछाया सगळ्यांशी खेळणार आहे. ज्याला हौस त्यानं यावं, खेळावं. मोठ्या पडद्यावर साम्य दिसेल. सरांचीच कल्पना आहे, लोकांना आपला हात थोडासा तरी सरांसारखा आहे हे बघून बरं वाटतं. मी त्यातलं काही बंद करणार नाही. मुद्दाम काही चालूही करणार नाही. तू यायचं की नाही, तुझं तू ठरव.”

“जेवलीस का?” कालिंदीनं विचारलं.

“नाही,” शाल्मली म्हणाली आणि फोन ठेवला.

•

सभागृह सकाळी अकरालाच भरलं होतं. हेरंब सरनोबत व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत बसला होता. रेशमी झब्बा, पांढरे केस, मांडीवर शाल. शालीखाली हात सतत हलत होते. बोलणं मात्र खणखणीत. कराडचं पार्लर, तुळशीची माळ घातलेले मालक, मशीनचा वास, सगळं त्यानं असं रंगवलं, की कालिंदीलाही क्षणभर अण्णांची आठवण येऊन हसू फुटलं. स्वतःच्या त्या हसण्याचाच तिला इतका संताप आला, की ती उठून उभी राहिली.

“एक प्रश्न विचारू का?”

लुगड्यातल्या वृद्ध बाईकडे पाहून सगळे कौतुकानं वळले. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

“तुम्ही प्रत्येक रांगेआधी दीड सेकंद थांबायचात. काय करायचात हो तेव्हा?”

सरनोबत प्रसन्न हसला. “आजी, फार छान विचारलंत. त्या दीड सेकंदात मी पुढची आख्खी रांग मनात खेळून घ्यायचो. शत्रू येण्याआधीच त्याला हरवायचं. माझं सगळं यश त्या विरामात आहे.”

टाळ्या पडल्या.

“आणि शेवटच्या कावळ्याला तीन गोळ्या?”

“खात्री!” तो म्हणाला. “आयुष्यात एका गोळीवर विसंबू नये.”

पुन्हा टाळ्या. “मी खेळून बघू का?” कालिंदीनं विचारलं. “याच की, याच!” तो म्हणाला. पायऱ्या चढताना तिनं शाल्मलीकडे पाहिलं नाही. शाल्मली यंत्राजवळ हाताची घडी घालून उभी होती, एकाही बटनाला न शिवता.

कालिंदी खुर्चीत बसली. शेजारच्या पडद्यावर छाया खेळत होती. सात पावलं, एक वळण. समेवर दोन्हीकडचे कावळे एकदमच पडू लागले. इतका वेळ खेळायला आलेली तरणी माणसं त्या हाताच्या जवळपाससुद्धा फिरकली नव्हती. ही म्हातारी त्याच्या मागे झांज धरल्यासारखी चालली होती. सहाव्या रांगेत ती मेली. टाळ्या सुरू झाल्या आणि मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली.

‘साम्य बावन्न टक्के. नातं: पालक आणि अपत्य.’

पहिल्यांदा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग पुढच्या रांगेतला एक पत्रकार उठला. “सर, म्हणजे ह्या... आपल्या कन्या का?”

“माझं वय अडुसष्ट,” कालिंदी माइकमध्ये म्हणाली. “ह्यांचं आज सत्तर.”

“दुसऱ्या वर्षीच लेक झाली की काय सरांना?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. मोकळा, निर्दय हशा, मंडपभर. सरनोबतही सवयीनं हसू लागला आणि अर्ध्यात थांबला. त्याची नजर कालिंदीच्या चेहऱ्यावर खिळली.

“यंत्रात बिघाड आहे,” तो म्हणाला. “शाल्मली!”

“यंत्र बरोबर आहे, सर,” शाल्मली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तू...” सरनोबत पुटपुटला. “पेठकरांची. झांजवाली.”

“पेठकरांचीच. हा हात नरहरबुवा पेठकरांचा आहे. तुझ्या बापानं गादीवरून उतरवलेल्या हरिदासाचा.” आता ती त्याला अरेतुरे करत होती, आणि तिला ते फार गोड लागत होतं. “माझा डाव तू चोरलास, त्याचं मी एकवेळ गिळलं असतं. पण आज तू माझ्या बापाच्या नमस्काराचं पुस्तक लिहून बसलायस! तो दीड सेकंद काय होता, सांगू? पडद्यावर हरीचं नाव होतं. माझा बाप प्रत्येक रांगेआधी हात जोडत होता. शत्रूबित्रू काही नाही. हात जोडत होता, हेरंब.”

सरनोबतानं मांडीवरची शाल जवळ ओढली.

“मी लहान होतो तेव्हा,” तो म्हणाला.

“मीपण.”

“काय हवंय तुला?”

“उतर खाली.”

त्यानं मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच पुढे येईना. सगळे अजून पडद्यावरचं वाचत होते. शेवटी त्याचा मदतनीस आला आणि खुर्चीची चाकं उताराकडे वळवली. कालिंदीनं मान फिरवली नाही. चाक अडकलं, खुर्ची कलंडता कलंडता सावरली, शाल घसरून खाली पडली. सगळं तिनं पाहिलं. सावकाश, इंच इंच, पोट भरून पाहिलं.

खाली गेल्यावर त्यानं खुर्ची थांबवायला लावली आणि तिच्याकडे पाहत हात जोडू लागला. पण ते हात एकमेकांना सापडेनात. उजवा वर गेला की डावा खाली जायचा. बोटं बोटांना चुकत होती. चार पावलं पुढे जाऊन ते दोन्ही हात धरून जुळवून देणं कालिंदीला शक्य होतं. तिनं आपले हात पाठीमागे बांधले आणि त्याला तसंच चुकत राहू दिलं.

•

संस्थेनं चौकशी नेमली, सरनोबतांच्या नावाचा फलक उतरवला आणि शाल्मलीला घरी बसवलं. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत झाल्या. महिनाभर ती आईकडे फिरकली नाही. मग एका रविवारी दुपारी आली. पायात चपला तशाच, हातात मोजमापांची फाइल.

“माझंच काम आहे हे, मी नकलून आणलं,” ती म्हणाली. “संस्थेला काय करायचं ते करू दे. आई, आपण फक्त वरचा डाव पाहिला होता. पण चिपमध्ये दहा उच्चांक असतात. मी बाकीचे नऊ काढले.”

“मग?”

“तुझे तीन लाख बारा हजार त्या यादीत नाहीतच. खाली ढकलून बाहेर गेलेत. दहावा आकडासुद्धा तीन लाख चौदा हजार आहे. आणि चिपमध्ये आणखी एक मोजणी असते, मशीन कुठल्या दिवशी किती डाव खेळलं त्याची. पार्लरच्या शेवटच्या दोन वर्षांत, बाकी पोरं यायची बंद झाल्यावरसुद्धा, दिवसाला बारा-पंधरा डाव पडत होते. रोज. पावसाळ्यातसुद्धा.” शाल्मली आईशेजारी जमिनीवर टेकली. “दहाचे दहा त्यांचेच असणार. त्यांना नुसतं खेळायचं नव्हतं. तिथे सरनोबतांच्या पोराच्या नावानं सांगितला जाणारा तुझा आकडा होता, तो त्यांना यादीतून पुसून काढायचा होता. तो एका डावानं जात नाही, त्याच्यावर दहा आकडे चढवावे लागतात, म्हणून त्यांनी दहा चढवले. आजोबा भयंकर चिडले होते गं.”

बाहेर कुणी भांडी घासत होतं. कालिंदीनं पदर डोळ्यांना लावला. शाल्मली घाबरली, पण आई हसत होती की रडत होती, ते नीट कळेना.

“मला सांगायचे, राग धरू नकोस,” ती म्हणाली. “लबाड माणूस!”

“आता तरी शांत वाटतंय का तुला?”

“नाही गं.” कालिंदीनं लेकीच्या पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. “शांत कुठलं. त्याचा चेहरा आठवला की अजून आग होते. पण इतकी वर्षं वाटायचं, पेठकरांच्या घरात हा राग धरून बसलेली मी एकटीच पापी. आता सोबत आहे.”

मग ती जेवायची पानं घ्यायला उठली.